कोकणातल्या आमदारांनी खांब, वीजबिल आणि कांदळवन यांचा हिशेब एकत्र मागावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अधिवेशन जवळ आले की कोकणातले आमदार वाढलेली वीजबिले, वादळात आडवे झालेले खांब, समुद्राने खाल्लेला किनारा आणि तोडलेली कांदळवने यांवर प्रश्न टाकतात. प्रश्न रास्त असतात, पण छापील उत्तरात बहुधा दोनच वाक्ये येतात: ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’. लोकांचा राग मग मंत्र्यांवर निघतो. आमच्या मते निम्मा दोष प्रश्नाच्या बांधणीत असतो आणि तो दुरुस्त करता येतो. म्हणून हे पत्र.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘अमुक तालुक्यात वादळाने पाचशे खांब पडून दीड महिना वीजपुरवठा बंद होता व निकृष्ट कामामुळे शासनाचे नुकसान झाले, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ पहिल्याच कलमात तीन विधाने आहेत: खांबांची संख्या, बंद राहिल्याचा काळ आणि कामाचा दर्जा. उत्तर तयार करणाऱ्या कार्यालयाला त्यातले एक जरी चुकीचे सापडले, खांब चारशे नव्वद निघाले, तरी सगळ्या कलमावर ‘हे खरे नाही’ असा शेरा मारता येतो. पुढची कलमे आपोआप गळतात.

तेव्हा पहिल्या कलमात फक्त शासनाच्याच कागदावर असलेली गोष्ट घ्यावी: शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक, किंवा निविदेचा क्रमांक. ती नाकारता येत नाही. पुढच्या कलमांत किती, कोणत्या तारखेस, कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यावर), कोणत्या मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीत), एवढेच विचारावे. दर्जाचा, भ्रष्टाचाराचा मुद्दा उपप्रश्नासाठी राखून ठेवावा. आकडे पटलावर आले की तो मुद्दा सभागृहात आपोआप उभा राहतो.

दुसरी अडचण खात्यांची. किनाऱ्यावरचे एक काम चार-पाच खात्यांत विखुरलेले असते. खांब आणि वाहिन्या ऊर्जा विभागाकडे, आपत्ती निवारणाच्या निधीतली भूमिगत केबल मदत व पुनर्वसन विभागाकडे, धूपप्रतिबंधक बंधारे बंदरे विभाग व मेरीटाइम बोर्डाकडे, कांदळवन महसूल व वन विभागाकडे, किनारा नियमन क्षेत्राची परवानगी पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाकडे. एका मंत्र्याला विचारलेला प्रश्न ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ म्हणून परत येतो. अर्थसंकल्पातही तसेच. विजेचा महसुली खर्च लेखाशीर्ष २८०१ खाली, भांडवली ४८०१ खाली, कर्जे ६८०१ खाली. वादळानंतरची मदत २२४५ खाली, समुद्राच्या धुपेविरुद्धची बांधकामे ४७११ खाली, वनांचा खर्च २४०६ आणि पर्यावरणाचा ३४३५ खाली. गाव एकच, त्या गावावर झालेल्या खर्चाच्या चिठ्ठ्या मात्र सात ठिकाणी. त्या एकत्र आणणे हे लोकप्रतिनिधीचेच काम आहे, कारण दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही. एकाच विषयावर एकाच अधिवेशनात पाचही विभागांना जोडप्रश्न टाकावेत. विधान परिषदेत कोकण पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे सदस्य आहेत, त्यांच्याशी वाटणी करून घेता येते.

आता मुख्य मुद्दा. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ, ३ जून २०२० ला निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. प्रत्येक वेळी हजारो खांब पडले, रोहित्रे गेली, तारा तुटल्या आणि नव्या वाहिन्या उभ्या राहिल्या. पडलेल्या वाहिनीचे पुस्तकात काय झाले, हा प्रश्न आमच्या पाहण्यात सभागृहात नेमकेपणाने आलेला नाही, आणि तो थेट ग्राहकाच्या बिलाशी जोडलेला आहे.

समजा, एक कोटीची वाहिनी निम्मा घसारा होऊन पन्नास लाखांची राहिली आणि वादळात जमीनदोस्त झाली. ती मालमत्तेच्या नोंदवहीतून काढली पाहिजे. काढली नाही तर नसलेल्या वाहिनीवरचा घसारा, कर्जाचे व्याज आणि भागभांडवलावरचा परतावा वीजदरात वसूल होत राहतो. आता तिच्या जागी शासकीय अनुदानातून नवी वाहिनी आली. वीज नियामक आयोगाच्या विनियमांप्रमाणे अनुदानातून उभ्या केलेल्या भागावर घसारा, व्याज किंवा परतावा घेता येत नाही, फक्त देखभालीचा खर्च घेता येतो. ही विभागणी लेख्यांत झाली नाही तर लोक त्याच वाहिनीचे पैसे एकदा करातून आणि दुसऱ्यांदा बिलातून भरतात. म्हणून विचारायचे ते असे: त्या तीन वादळांत नष्ट झालेल्या मालमत्तेपैकी वीज कंपनीच्या मंडलनिहाय किती रकमेची मालमत्ता कोणत्या आर्थिक वर्षाच्या लेख्यांत निर्लेखित केली (नोंदवहीतून काढली), नव्या कामांपैकी किती अनुदानातून, किती कर्जातून, किती कंपनीच्या पैशातून झाली, आणि अनुदानाचा भाग दरनिश्चितीच्या याचिकेतून वेगळा काढल्याचे पत्रक पटलावर ठेवणार काय.

उतरवलेल्या तारेचेही विचारावे. अॅल्युमिनियमची तार वजनावर भांडारात जमा व्हायला हवी आणि भंगाराची रक्कम कामाच्या अंदाजपत्रकातून वजा व्हायला हवी. किलोमीटरमागे तारेचे वजन ठरलेले असते. किती किलोमीटर उतरवली आणि किती किलो जमा झाली, हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरेच उलगडते.

‘वीजदर आयोग ठरवतो, शासन नाही’ हे उत्तर हमखास येणार. कायद्याने ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे एखाद्या वर्गाला सवलत द्यायची तर शासनाने ती रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यायची असते. ती वेळेवर दिली का, हे शासनानेच सांगायचे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देणाऱ्या २०२४ च्या योजनेतून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड जिल्ह्यांना किती रक्कम लाभली, हेही शासनच सांगू शकते. कलम १०८ खाली सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबींत आयोगाला निदेश देण्याचा अधिकार राज्याकडे आहे. महावितरण ही २००५ पासून शासनाच्या मालकीची कंपनी आहे, त्यामुळे ती सार्वजनिक उपक्रम समितीच्या कक्षेत येते. आणि बिलावरचे वीज शुल्क तर निव्वळ शासनाचेच आहे.

त्या शुल्काचा हिशेब सोपा आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटना ऊर्जा आकार ४.७१ रुपये, वहन आकार १.१७ रुपये आणि सिंगल फेजचा स्थिर आकार महिना १२८ रुपये होता. म्हणजे १०० युनिटना ४७१ अधिक ११७ अधिक १२८, असे ७१६ रुपये. त्यावर १६ टक्के वीज शुल्क ११४.५६. एकूण ८३०.५६, इंधन समायोजन आकार वेगळा. तो आकार लागू झाला की त्यावरही १६ टक्के लागतात, म्हणजे कोळसा महागला की शासनाचे उत्पन्न कोणताही निर्णय न घेता वाढते. कोकणात आणखी एक गोष्ट आहे, बंद घरांची. चाकरमान्याचे घर शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर कुलूपबंद. त्या दराने एक युनिटही न जाळता १२८ रुपये आणि त्यावरचे २०.४८ मिळून महिना १४८.४८, म्हणजे वर्षाला सुमारे १,७८२ रुपये. स्थिर आकारामागे काही कारण आहे, वाहिनी तर ठेवावीच लागते. पण वीज वापरलीच नाही त्या महिन्याच्या स्थिर आकारावर शुल्क का, हा प्रश्न आयोगाला विचारायचा नाही. तो अर्थमंत्र्यांना आणि ऊर्जामंत्र्यांना विचारायचा आहे, आणि त्याचे उत्तर त्यांना टाळता येत नाही.

वीजखरेदीच्या करारांकडेही कोकणाने डोळेझाक करू नये. दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ ला सुरू झाला आणि २००१ ला राज्य वीज मंडळाने वीज घेणे थांबवले. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे मोजावे लागतील, ही त्या करारातली अट महाराष्ट्राला किती महाग पडली हे गुहागरकरांना सांगायला नको. स्थिर आकाराची ही पद्धत आजच्या करारांतही असते. गेल्या आर्थिक वर्षात ज्या केंद्रांकडून वीज न घेता किंवा करारापेक्षा कमी घेऊन स्थिर आकार दिला त्यांची यादी, मेगावॅट आणि रक्कम, एवढा एक अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न दरवर्षी लागलाच पाहिजे.

आता कामांच्या दर्जाकडे. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात जागतिक बँकेच्या साह्याने अलिबाग, रत्नागिरी अशा शहरांत भूमिगत केबल टाकली गेली. पुढे कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्पातही भूमिगत वाहिन्या आहेत. मागणी सर्वत्र एकच ऐकू येते, ‘सगळे भूमिगत करा.’ आम्हाला ही मागणी सरसकट मान्य नाही. भूमिगत वाहिनीचा खर्च उघड्या वाहिनीच्या कैक पट असतो आणि ती वाईट टाकली तर बिघाड शोधणेही दुरापास्त होते.

भारतीय मानक १२५५ प्रमाणे लघुदाब केबल ७५ सेंटिमीटर, ११ केव्हीची ९० सेंटिमीटर आणि २२ किंवा ३३ केव्हीची १०५ सेंटिमीटर खोल हवी. खाली-वर वाळूचा थर, त्यावर विटा किंवा फरशी, वर इशारा पट्टी. आमचा जांभा खणायला कठीण. ठेकेदार फूट-दीड फुटावर थांबतो आणि मोजमाप पुस्तिकेत पूर्ण खोली लागते. वाळूऐवजी खणलेलाच जांभा परत ढकलला की त्याच्या धारदार कपच्या केबलच्या बाहेरच्या आवरणात घुसतात, पावसाळ्यात पाणी आत शिरते आणि वर्ष-दोन वर्षांत, बहुधा दोषदायित्वाचा (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याचा) काळ सरल्यावर, केबल जाते. दुसरी कच्ची जागा म्हणजे जोड. ड्रमची लांबी अडीचशे ते पाचशे मीटर, म्हणजे किलोमीटरमध्ये दोन-तीन जोड आलेच. भर पावसात, ओल्या हाताने केलेला जोड टिकत नाही. उघड्या वाहिनीवर वायरमनला तुटलेली तार डोळ्यांनी दिसते, भूमिगत वाहिनीवर बिघाड शोधणारी व्हॅन लागते आणि ती दुसऱ्या विभागातून येईपर्यंत गाव अंधारात राहते. त्यातच नळपाणी योजनेचा जेसीबी नकाशा न बघता खणतो.

सभागृहात यावर विचारण्यासारखे पुष्कळ आहे. खोलीचे मोजमाप दर शंभर मीटरला खड्डा घेऊन, टेप लावलेल्या छायाचित्रासह झाले का? प्रत्येक जोडाची जागा, तारीख आणि जोड करणाऱ्याचे नाव असलेली नोंदवही हस्तांतरात मिळाली का? मेगर चाचणी (केबलच्या आवरणाचा विद्युतरोध मोजणारी) आणि उच्चदाब चाचणीचे अहवाल कुठे आहेत? रिंग मेन युनिट आणि फीडर पिलर या जमिनीवरच्या वीजपेट्यांचा चौथरा २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाणीपातळीच्या वर आहे का? बिघाड शोधणाऱ्या व्हॅन कोकणात किती आणि कुठे उभ्या असतात? आणि केबलचा नकाशा ग्रामपंचायतीला, नगरपरिषदेला दिला का? यातले काहीही गोपनीय नाही.

जिथे दाट वस्ती, नारळी-पोफळीच्या बागा आणि समुद्र अगदी लगत आहे तिथे भूमिगत केबल योग्य. सड्यावरच्या आणि जंगलातल्या लांब वाहिन्यांना आवरण असलेली तार किंवा एरियल बंच केबल (खांबांवरून नेलेली, एकत्र पिळलेल्या तारांची) पुरेशी आहे, खर्चही आटोक्यात राहतो. उघडी वाहिनी ठेवायचीच तर किनाऱ्यालगत पोलादी गाभ्याची तार नको. खाऱ्या वाऱ्याने गाभा आतून गंजतो आणि तार वरून धड दिसत असतानाच तुटते. तिथे संपूर्ण अॅल्युमिनियम मिश्रधातूची तार हवी. इन्सुलेटर पॉलिमरचे आणि सरकपृष्ठाची (वीज ज्यावरून सरपटू शकते त्या पृष्ठभागाची) लांबी दर केव्हीला ३१ मिलिमीटर असलेले हवेत. उन्हाळाभर इन्सुलेटरवर मीठ बसते, मृगाच्या आधीच्या दमट हवेत आणि पहिल्या सरीत ते ओले होते आणि त्यावरून वीज सरपटते. दरवर्षी मेअखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वीज वारंवार जाते ती बरीचशी यामुळे. फांद्या छाटल्या तरी हे थांबत नाही, इन्सुलेटर धुवावे किंवा बदलावे लागतात. खांबाचा सहावा हिस्सा जमिनीत हवा. कातळावर तेवढे खणले जात नाही आणि पुळणीच्या वाळूत बुडाशी काँक्रीट घातले जात नाही, म्हणून ते खांब वादळात आधी पडतात. खरेदीच्या तपशीलपत्रात किनाऱ्यासाठी वेगळे तांत्रिक निकष आहेत काय, की विदर्भ-मराठवाड्यासाठी घेतलेलेच साहित्य कोकणात वापरतात, हा एक प्रश्न कोट्यवधींची फेरबांधणी वाचवील.

धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचेही असेच. दगडाची किंवा टेट्रापॉडची भिंत उभी राहिली की लाट तिच्यावर आपटून परतते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. भिंत टिकते, पुळण जाते. भिंतीच्या दोन्ही टोकांशी धूप वाढते आणि शेजारचे गाव पुढच्या वर्षी बंधारा मागते. खाडीतून सक्शन पंपाने उपसलेली वाळू किनाऱ्यावर पोहोचत नाही, हेही त्यामागचे कारण आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. भरतीरेषेवर भिंत आली की त्यांना घरट्याला कोरडी वाळू उरत नाही. म्हणून बंधाऱ्याच्या प्रत्येक मागणीबरोबर विचारावे: बांधण्याआधी आणि नंतरच्या किनारारेषेची मोजणी झाली का, दोन्ही बाजूंच्या किमान एक-एक किलोमीटरवर काय परिणाम झाला, आणि त्याच खाडीत गेल्या वर्षी किती ब्रास वाळूचा परवाना दिला. महसूल विभाग वाळूचे स्वामित्वधन घेतो आणि बंदरे विभाग बंधाऱ्यावर खर्च करतो, हे दोन आकडे एका पानावर आले पाहिजेत.

कांदळवनाबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल स्पष्ट आहे. सार्वजनिक हिताच्या कामाखेरीज तोड नाही. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कांदळवन क्षेत्र १-अ मध्ये मोडते आणि हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा आहे. खाडीखालून केबल न्यायची तर आडवे छिद्र पाडून नेता येते, मुळे तोडावी लागत नाहीत. अट एवढीच की आत-बाहेर येण्याचे दोन्ही खड्डे त्या ५० मीटरच्या बाहेर असावेत आणि बेंटोनाइटचा (छिद्र पाडताना वापरलेल्या चिकणमातीचा) राडा खाडीत न सोडता उचलून न्यावा. हा उचलण्याचा खर्च अंदाजपत्रकात दाखवलेला असतो का, ते पाहावे. नसेल तर तो राडा कुठे जातो ते उघड आहे.

भरपाईच्या लागवडीत किती रोपे लावली हा आकडा निरुपयोगी आहे. तिसऱ्या वर्षी किती जगली ते विचारावे, जातीनिहाय. तिवर आणि चिपी खाडीच्या तोंडाशी तग धरतात, कांदळाला गाळ आणि गोड्या-खाऱ्या पाण्याचा मेळ लागतो. सोपी जागा म्हणून उघड्या चिखलावर खूप खाली लावलेली रोपे भरतीत तासन्‌तास बुडून मरतात, शिवाय कालवे-खुब्यांची ती जागा गेल्याने बायकांची खाडीतली कमाईही जाते. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. आपल्या मतदारसंघातल्या प्रकल्पांचे गेल्या तीन वर्षांचे सहा अहवाल पटलावर ठेवणार काय, असे विचारले तर किती आलेच नाहीत तेही कळेल.

मच्छीमारांच्या डिझेल परताव्याबद्दल थोडक्यात. नौकामालक पंपावर मूल्यवर्धित करासह पूर्ण पैसे मोजतो आणि कर सोसायटीमार्फत नंतर परत मिळतो. तो महिनोन्‌महिने अडकला की तेवढे भांडवल शासन बिनव्याजी वापरते आणि नौकामालक सावकाराकडे जातो. दावा सादर झाल्याची तारीख, रक्कम मिळाल्याची तारीख आणि ३१ मार्चचे दायित्व, संस्थानिहाय, एवढे तीन स्तंभ मागावेत. निधी कमी पडला म्हणतात तेव्हा मूळ अर्थसंकल्पात मागणी किती केली होती ते पाहावे. पुष्कळदा तिथेच कमी दाखवलेली असते आणि उरलेले पुरवणी मागणीवर सोडलेले असते.

प्रश्नाखेरीज इतर आयुधे वापरात नाहीत, याचे आम्हाला वाईट वाटते. मागण्यांवर मतदान होण्याआधी शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सूचना देऊन एका बंधाऱ्यावर, एका फीडरवर चर्चा मागता येते. शासनाच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन बीम्स प्रणालीवर लेखाशीर्षनिहाय तरतूद, वितरण आणि खर्च कोणालाही पाहता येतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किती रक्कम निघाली हे त्यात दिसते, आणि ज्या कामाला जानेवारीपर्यंत रुपयाही लागला नव्हता त्याची पूर्ण रक्कम ३१ मार्चला कशी खर्ची पडली हे मोजमाप पुस्तिकेच्या तारखेशी ताडून पाहता येते. सुधारित प्रशासकीय मान्यता घेतलेल्या कामांची यादी, मूळ आणि सुधारित रकमेसह, अंदाज समितीकडे मागता येते. मंत्री सभागृहात ‘तपासून घेऊ’, ‘माहिती पटलावर ठेवू’ म्हणाले की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समितीकडे जाते. आमदारांच्या कार्यालयाने प्रत्येक अधिवेशनानंतर कार्यवृत्तातली अशी वाक्ये तारखेसह उतरवून ठेवावीत आणि पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात समितीला पत्र द्यावे. मतदारांनीही आपल्या आमदाराकडे जाताना निवेदनाबरोबर बिलाची प्रत, वाहिनीचे नाव, खांबाचा क्रमांक आणि वीज गेल्या-आल्याची तारीख-वेळ न्यावी. तेवढ्यावर पहिले कलम लिहिता येते.

आपले,
वीज वितरण, शासकीय लेखापरीक्षण व किनारपट्टीच्या बांधकामांत काम केलेले काही निवृत्त कर्मचारी, रत्नागिरी